उसनं दिलेलं नाव

संत पेलागियाच्या दिवशी पेलागियाच्या घरी कुणालाच आमंत्रण नसतं. ज्याला आठवण असेल तो मिठाईचा पुडा घेऊन येतो, "खूप वर्षं जग" म्हणतो, चमचाभर बिहीचा मुरांबा खातो, त्यावर गार पाणी पितो आणि खालच्या मजल्यावरच्यांबद्दल थोडं वाईट बोलून निघून जातो. अख्ख्या थेस्सालोनिकीत नावाचे दिवस, म्हणजे ज्या संताचं नाव आपल्याला त्याचे दिवस, असेच होतात. यंदा मात्र पेलागियाच्या धाकट्या भावानं, लाझारोसनं, तिला न विचारता दोन आमंत्रणं करून ठेवली होती.

पहिलं त्यानं आठवड्यापूर्वी फोनवर सांगितलं होतं.

"आठ तारखेला जोया येतेय. हैफाहून, विमानानं."

"माझ्या नावाच्या दिवशी?"

"तिला तीच तारीख बरी वाटली, ताई."

"वाटणारच," पेलागिया म्हणाली होती. "दोन वर्षं वापरलेली तारीख आहे तिची."

दुसरं आमंत्रण त्यानं त्याच दिवशी सकाळी, मुरांबा वाट्यांत काढता काढता सांगितलं. प्लातीची म्हातारी हायदोही येणार होती. बाबा स्टेशनमास्तर असताना ती स्टेशनच्या मागे कोंबड्या पाळायची.

"ती कशाला?"

"साक्षीदार म्हणून. दोन साक्षीदार लागतात. एक प्लातीचा, एक घरातला." लाझारोसनं कोटाच्या खिशातून कागद काढला आणि मुरांब्याच्या वाट्या बाजूला सारून टेबलावर पसरला. "हे बघ. जेरुसलेमचा कागद. युद्धात ज्यूंना लपवणाऱ्यांचा सन्मान. आईचं आणि बाबांचं नाव. भिंतीवर कोरणार आहेत, ताई, दगडात! समारंभ होणार, महापौर येणार."

"आणि तू भाषण करणार."

"कुणीतरी करायलाच हवं."

"तू जन्मलास सेहेचाळीस साली," पेलागिया म्हणाली. "युद्ध संपल्यावर."

लाझारोसची बायको ऑलिंपिया सिंकपाशी पेले विसळत होती. ती पाठमोरीच म्हणाली, "ताई, आजच्या दिवशी तरी नको ना. ती बिचारी इतक्या लांबून येतेय."

ही ऑलिंपियाची खुबी. तिच्या तोंडी जगातले सगळे बिचारे असायचे, फक्त समोरचा माणूस सोडून. पेलागियानं कागद ओढून वाचला. जोयानं हैफात बसून सगळं लिहून पाठवलं होतं, कुणीतरी त्याचं ग्रीक केलं होतं. स्टेशनमास्तर स्टेर्गिओस आणि त्यांची पत्नी मारिगो यांनी मला स्वतःच्या मुलीच्या नावानं घरात ठेवलं. बस्स. मुलगी हा शब्द एकदाच आला होता, आणि तोही नाव उसनं घेण्यापुरता.

खरं म्हणजे गोष्ट तेवढीच होती, असं म्हणणारे म्हणतील. त्रेचाळीसच्या मार्चमध्ये शेजारच्या ज्यू जोयाच्या आईबापांना जर्मनांनी गाडीत घालून उत्तरेला नेलं, त्याच आठवड्यात स्टेर्गिओसची बदली प्लातीला झाली. बदलीच्या आणि रेशनच्या कागदावर लिहिलं होतं: नवरा, बायको, मुलगी एक, पेलागिया, वय नऊ. प्लातीत त्यांना ओळखणारं कुणी नव्हतं. जोयाही नऊचीच. तेव्हा पेलागिया होऊन प्लातीला गेली ती जोया. खऱ्या पेलागियाला बापानं खाल्किदिकीच्या डोंगरात आत्याकडे नेऊन सोडलं, आणि परत फिरताना उकिडवा बसून सांगितलं, "इथे तुझं नाव थोमाई. एकाच नावाच्या दोन मुली कुणाला सापडल्या तर आपण सगळे मेलो. समजलं?" थोमाई म्हणजे आत्याची घटसर्पानं गेलेली मुलगी. पेलागिया वीस महिने त्या मेलेल्या मुलीच्या नावाला ओ देत राहिली. त्या वीस महिन्यांत दोनदा आठ ऑक्टोबर आला, आणि दोन्ही वेळा ती शेळ्यांमागे होती.

"घरातला साक्षीदार म्हणजे मी," ती म्हणाली.

"दुसरं कोण? प्लातीत होती ती तू नव्हतीस, हे तुझ्याशिवाय कोण सांगणार?"

"मग माझं नाव त्यात घाला. आईच्या खाली. मग करते सही."

लाझारोसनं ऑलिंपियाकडे पाहिलं. ऑलिंपियानं पेला उजेडात धरून पाहिला. त्यांचं आधीच बोलणं झालेलं होतं, हे पेलागियाला त्या पेल्यावरूनच कळलं.

"ताई, तू काय केलंस पण?" लाझारोस जमेल तितक्या गोडीनं म्हणाला. "म्हणजे, आईबाबांनी जीव धोक्यात घातला. तू डोंगरात होतीस. दूध, चीज. तिथे उपासमार तरी नव्हती."

"हो. हवा पण चांगली होती," पेलागिया म्हणाली. "तू बाहेर जाऊन बस, लाझारोस. मुरांब्यात माझा हात चुकेल."

बाहेर गॅलरीच्या दारापाशी खुर्चीत मारिगो बसली होती. वय अठ्ठ्याहत्तर. तिला सोयीचं तेवढंच ऐकू येत असे. गेली अकरा वर्षं ती पेलागियाकडेच होती. तिच्या गोळ्या, तिची नखं, तिचे पाय चोळणं, सगळं पेलागिया करायची. आणि तिच्या पलंगाच्या उशाशी तीन फोटो होते: नवऱ्याचा, लाझारोसच्या लग्नाचा, आणि हैफाच्या समुद्रकाठी तीन नातवंडांना घेऊन हसणाऱ्या जोयाचा. पेलागियाचा नव्हता. एकदा तिनं विचारलंही होतं. "तू तर समोरच असतेस," मारिगो म्हणाली होती, आणि त्यात काही वाईट आहे हे तिच्या गावीही नव्हतं.

जोया अकरा वाजता आली. ठेंगणी, कापलेले पांढरे केस, पायात माणसं डॉक्टरच्या सांगण्यावरून घालतात तसले बूट. पेलागियानं तिला पंचेचाळीसनंतर पाहिलेलं नव्हतं. दार उघडल्यावर दोघी क्षणभर एकमेकींच्या सुरकुत्यांची मोजदाद करत उभ्या राहिल्या.

"खूप वर्षं जग," जोया म्हणाली आणि मिठाईचा पुडा पुढे केला.

"तूही," पेलागिया म्हणाली. सवयीनं निघून गेलं, आणि मग त्याचा अर्थ दोघींच्या लक्षात आला.

तेवढ्यात गॅलरीच्या दाराकडून आवाज आला, "कोण आलंय?" आणि पेलागियाच्या डोळ्यांदेखत ती पन्नाशी उलटलेली आजीबाई पिशवी दारातच टाकून आत धावली, खुर्चीपाशी गुडघ्यावर बसली आणि मारिगोच्या मांडीत डोकं खुपसून म्हणाली, "आई."

मारिगोनं तिचं तोंड दोन्ही हातांत धरलं, या गालावरून त्या गालावरून अंगठे फिरवले. "वाळलीस," ती म्हणाली. "काही खाल्लंस का? पेलागिया, हिला काहीतरी आण खायला. विमानात देतात ते काय खाणं असतं?"

पेलागियानं आणलं. अकरा वर्षांत 'तू खाल्लंस का' हा प्रश्न आपल्याला आला होता का, हे ती स्वयंपाकघरात बशी भरताना आठवून पाहत होती. एकदा आला होता, पण तेव्हा आईला ताप होता.

"किती गोड ना दोघी," ऑलिंपिया डोळे पुसत म्हणाली.

"फार," पेलागिया म्हणाली. "आता बशी ने."

बाराच्या सुमारास वरच्या मजल्यावरच्या दोघी येऊन गेल्या, मग हायदोला तिचा पुतण्या दारात सोडून गेला. नव्वदीला टेकलेली, काठी टेकत, काळा रुमाल बांधलेली हायदो आत आली, तिनं खोलीभर नजर फिरवली आणि पाहुणे, मिठाई, सगळं ओलांडून सरळ जोयापाशी गेली.

"पेलागिया! खूप वर्षं जग, पोरी! ओळखलं ना मी? डोळ्यांवरून ओळखलं. अंड्यांना यायचीस!" तिनं जोयाला कवटाळलं. "आणि तोतरेपणा गेला वाटतं?"

जोया तोतरी कधीच नव्हती. तिच्या ग्रीकमध्ये स्पॅनिशचा हेल होता, कारण थेस्सालोनिकीचे ज्यू घरी स्पॅनिशच बोलत, आणि तो कानावर पडला असता तर प्लातीतल्या कुणालाही ती कोणाची पोर हे कळलं असतं. म्हणून स्टेर्गिओसनं गावभर सांगून ठेवलं होतं की पोर लहानपणी घाबरली, तेव्हापासून अडखळते, तिला बोलायला लावू नका.

"गेला, हायदोकाकी," जोया हसून म्हणाली. "पण मी पेलागिया नाही. पेलागिया ही."

हायदोनं काठीवर रेलून पेलागियाकडे खालून वर पाहिलं. "ही? छे! ही कोण?"

"मी मारिगोची मुलगी," पेलागिया म्हणाली.

"मारिगोला एकच मुलगी," हायदो ठामपणे म्हणाली. "मी पाहिलंय ना. हिच्यासाठी मारिगो जर्मनासमोर कशी उभी राहिली होती! तो म्हणाला, पोर बोलत का नाही? तर मारिगोनं त्याला ढकललं. बंदूकवाल्याला! म्हणाली, माझ्या मुलीला घाबरवलंस तर बघ. असं कोण दुसऱ्याच्या मुलीसाठी करतं? मला नका सांगू."

लाझारोस घाईघाईनं समजावायला लागला. ज्यू, कागद, बदली, डोंगर. हायदोनं सगळं ऐकून घेतलं आणि पुन्हा जोयाचा हात हातात घेतला. "पोरगी ज्यू असेल," ती म्हणाली, "पण मुलगी मारिगोची."

पेलागिया उठून स्वयंपाकघरात गेली आणि उगाच नळ सोडून उभी राहिली. तिला लाज वाटत होती. त्रेपन्नाव्या वर्षी, नवरा गेलेला, मुलगी परगावी लग्न करून सुखात, आणि आपण एका आईबाप मारले गेलेल्या बाईवर जळतोय. असं जळू नये हे तिला कुणी सांगायला नको होतं. चाळीस वर्षं ती ते स्वतःला सांगत होती. तरी ते तसंच होतं, चव्वेचाळीसच्या नोव्हेंबरात डोंगरातून परतताना होतं तेवढंच ताजं.

मागून जोया आली. तिनं दार लोटलं आणि ओट्याशी टेकून उभी राहिली.

"लाझारोसनं सांगितलं," ती म्हणाली. "तुझं नाव त्यात हवंय तुला."

"लाझारोसचं तोंड म्हणजे..."

"बरोबर आहे तुझं. मला सुचलं नाही, त्याची लाज वाटते. मी नऊ वर्षांची असल्यासारखंच लिहिलं सगळं. तेव्हा माझ्यासाठी तू नव्हतीसच गं. तू म्हणजे मी पाठ केलेलं नाव." जोयानं पर्समधून पेन काढलं. "आण तो कागद."

पेलागियाला वाद हवा होता. वादासाठी तिनं आठवडाभर वाक्यं जुळवून ठेवली होती. ती सगळी आता वाया गेली. टेबलापाशी, सगळ्यांसमोर जोयानं मारिगोच्या नावाखाली सुवाच्य ग्रीक अक्षरांत लिहिलं: पेलागिया, त्यांची मुलगी, जिनं मला स्वतःचं नाव दिलं.

पेलागियानं ती ओळ वाचली. मग पुन्हा वाचली. ऑलिंपिया बघतेय म्हणून तिसऱ्यांदा वाचायचं तिनं टाळलं. ऑलिंपियाचं तोंड मात्र बघण्यासारखं झालं होतं, कारण दगडात कोरण्याच्या नावांत आता घरातलं एक नाव होतं आणि ते लाझारोसचं नव्हतं.

"झालं तर मग," लाझारोस जरा उतरलेल्या आवाजात म्हणाला. "आई, तू इथे सही कर. वर लिहिलंय ते खरं आहे म्हणून. मग हायदोकाकी, मग ताई."

मारिगोनं चष्मा लावला. ती कागद फार वेळ वाचत होती. मग तिनं पेन खाली ठेवलं.

"नाही करणार."

"का गं आई?"

"हे खोटं आहे. हिनं दिलं नाही. आम्ही घेतलं. नऊ वर्षांची पोर काय देणार? दरवाज्याला धरून रडत होती, तिचे हात सोडवून नेलं हिच्या बापानं."

"आई!" जोया म्हणाली. "काय फरक पडतो?"

"दगडात कोरणार म्हणता ना? मग खरं कोरा."

पेलागियाला वाटलं की आपण शांत राहणार आहोत. पण आवाज फुटला तो खालच्या मजल्यापर्यंत गेला असेल. "एवढंही नको मला मिळायला? वीस महिने, आई! वीस महिन्यांत एकदा आली नाहीस तू. प्लातीहून दोन दिवसांची वाट. बाबा दोनदा आले. तू एकदाही नाही. आणि परत आले तेव्हा तू मला हाक मारलीस, पेलागिया, आणि बघत होतीस हिच्याकडे! मी तिथेच उभी होते, तुझ्या समोर! एकदा सांग. हायदोकाकी म्हणते ते खरं का? हिच्यावर जास्त होता जीव?"

"ताई, पाहुणे आहेत," लाझारोस पुटपुटला.

"होता," मारिगो म्हणाली.

हायदोनं मान हलवली, आपलं खरं ठरलं म्हणून.

"नाटक करून जमलं नसतं," मारिगो सावकाश म्हणाली. "तो जर्मन रोज यायचा. माणूस पोरीकडे कसं बघतं, त्यावरून कळतं. म्हणून मी ठरवलं, मला एकच पेलागिया. ही. तुझी आठवण आली की मी भांडी घासायला घ्यायचे. तुझ्याकडे आले असते तर परत हिच्याकडे येताना तोंडावरचं लपलं नसतं. ठरवून ठरवून जीव लागला, आणि मग तो काही ठरवून काढता येईना."

पेलागिया खुर्चीत बसली. हवं होतं ते उत्तर मिळालं होतं. चाळीस वर्षं जे नुसतं वाटत होतं, ते आता आईनंच तोंडानं सांगितलं. मग यात आणखी दुखण्यासारखं काय होतं, हे तिला कळेना.

"मग तिला ठेवून का नाही घेतलंस?" ती म्हणाली. "एवढा जीव होता तर?"

"आई ठेवून घेणार होती," जोया म्हणाली. तिनं मारिगोचा हात धरला होता. "मी पाया पडले होते. आई हो म्हणाली होती. पण काकानं मला शोधून काढलं, त्याचा हक्क होता. तो न्यायला आला तेव्हा आई स्टेशनवर किती रडली. दरवर्षी सांगते मी मुलांना, काकानं शोधलं नसतं तर मी आज ग्रीसमध्ये असते."

मारिगोनं हात सोडवून घेतला. चष्मा काढला. उघड्या डोळ्यांनी ती फार म्हातारी दिसत होती.

"काकानं नाही शोधलं," ती म्हणाली. "त्याला तू गेलीस असंच वाटत होतं. मी शोधलं त्याला. तीन पत्रं लिहिली, पाद्र्याकडून पत्ता काढून. माझ्या हातानं लिहिली. स्टेर्गिओसला पण सांगितलं नाही, तो ठेवा म्हणत होता."

"का?" जोयाचा आवाज एकदम लहान झाला होता.

"ही बोलत नव्हती." मारिगोनं पेलागियाकडे मान वळवली. "डोंगरातून आली आणि चार महिने एक शब्द नाही. मला आई म्हणायची नाही. जेवायची नाही, तू जेवत असलीस तर. भिंतीकडे तोंड करून बसायची. एक दिवस विहिरीच्या कठड्यावर चढून बसलेली सापडली. मी विचारलं, काय करतेस? तर चार महिन्यांनी पहिला शब्द बोलली. म्हणाली, ती जाऊ दे. मग मी पत्रं लिहिली."

पेलागियाला विहीर आठवत होती. कठड्याचा गारवा आठवत होता. आपण काही बोललो होतो हे तिला अजिबात आठवत नव्हतं. तिला वाटत आलं होतं की जोया गेली ती आपोआप गेली, देवानं एकदाचं आपलं ऐकलं.

"मी अकरा वर्षांची होते," ती म्हणाली. हे कुणाला सांगतोय ते तिला कळलं नाही.

"मी पण," जोया म्हणाली.

जोया उठून खिडकीपाशी गेली आणि पाठ करून उभी राहिली. लाझारोसला काहीतरी बोलायचं होतं, पण ऑलिंपियानं त्याचा दंड धरला. तिनंसुद्धा आज कुणाला बिचारं म्हटलं नाही. मारिगो दोघींपैकी कुणाकडेही बघत नव्हती. मांडीवरचे हात तिनं एकमेकांत घालून घट्ट धरले होते.

"आई," जोया न वळता म्हणाली, "आज सांगायची काय गरज होती?"

"ही विचारत होती," मारिगो म्हणाली. "तू कधी विचारलं नाहीस."

पेलागियानं कागद ओढला. आपल्या नावाच्या ओळीखाली पेन टेकवलं. ती ओळ सुंदर होती, अक्षर सुंदर होतं, आणि ही ओळ आपल्याला जन्मभर हवी होती हे तिला त्या क्षणीही स्पष्ट कळत होतं. तिनं पेन उचलून ओळीच्या सुरुवातीला ठेवलं आणि मान वर केली. जोया आता वळून तिच्याकडेच बघत होती. पेलागिया थांबली. जोया 'नको' म्हणेल असं तिला वाटलं, म्हणावं असंही वाटलं, म्हणून ती जरूरीपेक्षा थोडी जास्तच थांबली.

जोया काही बोलली नाही.

मग पेलागियानं ती ओळ एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत खोडली, कागद आईपुढे सरकवला आणि आई सही करेपर्यंत तिची खुर्ची धरून उभी राहिली. त्यानंतर हायदोनं अंगठा दिला. मग पेलागियानं साक्षीदाराच्या जागी आपलं पूर्ण नाव लिहिलं.